शिल्प कोणाचे? माया लेखनातील ‘कोरणे’ आणि अनामिकतेचा सिद्धांत

मराठी समीक्षेत काही विधाने अशी रूढ झाली आहेत की त्यांना पुरावा मागणे असंस्कृतपणाचे समजले जाते. ‘कर्ता ही आधुनिक युरोपची निर्मिती आहे; आधुनिकपूर्व समाजांत कलाकृती असते, पण तिचा कर्ता नसतो’ हे विधान त्यांपैकीच एक होय. रोलाँ बार्थ यांचा 1968 सालचा निबंध आणि मिशेल फूको यांचे 1969 सालचे व्याख्यान यांच्या आधाराने ते पदव्युत्तर वर्गांत शिकवले जाते, चर्चासत्रांत उद्धृत केले जाते, आणि प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात ‘सैद्धांतिक चौकट’ या मथळ्याखाली स्थिर होते. आनंद कुमारस्वामी यांनी पारंपरिक कलावंताच्या अनामिकतेला आध्यात्मिक मूल्य म्हणून जी प्रतिष्ठा दिली, तिचाही या विधानाशी सोयीचा संगम घडवून आणला जातो. पॅरिसचा संशय आणि परंपरेचा गौरव हे दोन विरुद्ध दिशांनी आलेले प्रवाह अशा रीतीने एकाच डबक्यात येऊन थांबतात. जुना कलावंत नाव लिहीत नव्हता, एवढे दोघांनाही पुरते.

तो नाव लिहीत होता की नाही, हा सिद्धांताचा प्रश्न नाही. तो वाचनाचा प्रश्न आहे. त्या समाजाची लिपी वाचता आली पाहिजे आणि नावाच्या आधी येणारा शब्द समजला पाहिजे. या संदर्भात मध्य अमेरिकेतील अभिजात माया संस्कृतीचे उदाहरण विलक्षण बोधक ठरते. तेथे अनामिकतेचा सिद्धांत पन्नास वर्षे निर्वेधपणे नांदला, आणि लिपी वाचता येऊ लागल्यावर एका पिढीच्या आत कोसळला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माया लेखांविषयी सर्वाधिक अधिकारवाणीने बोलणारे अभ्यासक म्हणजे एरिक टॉम्पसन. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बृहद्ग्रंथात माया शिलालेख हे काळाच्या गणनेत आणि देवतांच्या चिंतनात मग्न असलेले, व्यक्तींच्या कर्तृत्वाला स्थान न देणारे लेखन म्हणून उभे राहतात. तारखा वाचता येत होत्या, उरलेले वाचता येत नव्हते. म्हणून लेखांत तारखाच आहेत असे ठरले. 1952 साली इग्नेस गेल्ब यांनी आपल्या लेखनविषयक ग्रंथात याहून धाडसी तर्क केला. माया लिपी अद्याप उलगडलेली नाही, हाच ती ध्वन्यात्मक नसल्याचा उत्तम पुरावा होय, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला कुलूप उघडता येत नाही, अर्थात आत खोलीच नाही! गंमत अशी की त्याच 1952 साली सोव्हिएत संघातील युरी क्नोरोझोव यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बिशप दिएगो दे लांदा यांनी सोळाव्या शतकात नोंदवलेली तथाकथित ‘माया वर्णमाला’ ही वस्तुतः अक्षरमाला आहे, तिच्यातील प्रत्येक चिन्ह व्यंजन आणि स्वर यांचा संयोग दर्शवते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. ज्या लांदांनी 1562 साली मानी येथे माया पोथ्यांची होळी केली, त्यांच्याच टिपणांतून ती लिपी पुन्हा बोलू लागली, हा इतिहासाचा एक कडवट विनोद.

टॉम्पसन यांनी क्नोरोझोव यांना अखेरपर्यंत मान्यता दिली नाही. 1960 साली तात्याना प्रोस्कुरियाकोफ यांनी ग्वाटेमालातील पिएद्रास नेग्रास येथील स्तंभलेखांतील तारखांची मांडणी तपासली आणि त्या तारखा राजांचे जन्म, राज्यारोहण व वंशक्रम यांच्या आहेत हे सिद्ध केले. ते मात्र त्यांनी स्वीकारले. पाषाणावरची ती मुखे देवांची वा पुरोहितांची नव्हती, नावगाव असलेल्या माणसांची होती. तरीही अनामिकतेचा किल्ला अर्धाच पडला होता. राजा सापडला होता. शिल्पकार अजून अदृश्यच होता.

तो सापडला तो एका वटवाघळामुळे. अनेक शिल्पांवर मुख्य लेखापासून अलग, पार्श्वभूमीच्या मोकळ्या जागेत, लहान आणि उथळ अक्षरांत कोरलेल्या काही ओळी दिसतात. त्यांच्या आरंभी एक ठरावीक चिन्हसमूह येतो: प्रथम ‘यु’, मग वटवाघळाचे मस्तक, शेवटी ‘लु’. त्यापुढे येतात व्यक्तिनाम आणि बहुधा पदवी. 1980 नंतरच्या दशकात डेव्हिड स्टुअर्ट यांनी या चिन्हसमूहाचे कार्य ओळखले. वटवाघळाच्या मस्तकाला ‘शु’ हे मूल्य दिले की ‘यु-शु-लु’ असे वाचन होते. अंत्य स्वर उच्चारला जात नसल्याने शब्द ठरतो ‘युशुल’, म्हणजे ‘त्याचे कोरीव काम’. (मायन भाषांतील कंठ्य आघात नागरीत दाखवण्याची सोय नाही, म्हणून येथे ते गाळले आहेत.) पुढच्या व्यक्तिनामाशी जोडल्यावर ‘अमुकाचे कोरीव काम’ असा अर्थ लागतो.

या वाचनातील पायऱ्या नीट पाहिल्या पाहिजेत, कारण आपल्याकडे ‘अर्थ अनिश्चित असतो’ या वचनाखाली सर्वच अनिश्चितता सारख्या मापाने मोजल्या जातात. ‘शु’ या ध्वनिमूल्याचा आधार तुलनेने तोकडा आहे आणि उच्चाराबाबत सावधगिरी बाळगणे उचितच आहे. अर्थाची गोष्ट निराळी. माया मृत्पात्रांच्या काठावर एक ठरीव सूत्र लिहिलेले असते. त्यात पात्राचे अर्पण, त्याच्या पृष्ठावरील अलंकरण, पात्राचा प्रकार, त्यात भरावयाचे पेय आणि मालकाचे नाव असा क्रम असतो. चितारलेल्या पात्रांवर अलंकरणाच्या जागी ‘त्सिब’ या धातूपासून झालेला शब्द येतो. त्याचा अर्थ लिहिणे किंवा चितारणे. पात्र कोरीव असेल तर साधारणतः त्याच जागी वटवाघळाचे चिन्ह असलेला शब्द येतो. अपवाद आढळतात, पण वाक्यातील स्थान तेच आणि वस्तूचे तंत्र बदलले की शब्द बदलतो, ही संगती इतकी स्पष्ट आहे की ध्वनी उद्या बदलला तरी अर्थ ढळणार नाही. अर्थ आधी आणि उच्चार नंतर अशी ही वाट आहे. लेखन म्हणजे केवळ वाणीची सावली, या समजुतीवर देरिदा यांनी 1967 साली जो हल्ला चढवला, त्याचे इतके रोकडे प्रात्यक्षिक क्वचित मिळेल. पण देरिदांचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांनी या चिन्हांकडे पाहिले आहे?

या सूत्राचाच आणखी एक धडा आहे, आणि तो सिद्धांतकारांनी विशेषकरून घेण्याजोगा आहे. 1973 साली मायकेल को यांनी हे सूत्र पुनःपुन्हा येते हे प्रथम लक्षात आणून दिले. शोध मोठा होता. परंतु पात्रे थडग्यांतून मिळालेली, चित्रे पाताळलोकाची. म्हणून हे सूत्र मृतात्म्यासाठी म्हटले जाणारे स्तोत्र असावे, असा त्यांचा कयास होता. पुढे पीटर मॅथ्यूज यांनी बेलीझमधील अल्तुन हा येथील कर्णभूषणावर ‘त्याचे कर्णभूषण’ एवढाच मजकूर वाचला. स्टीफन ह्यूस्टन आणि कार्ल टाउबे यांनी 1987 साली ताटांवर ‘त्याचे ताट’ असे लिहिले असल्याचे दाखवले. आणि स्टुअर्ट यांनी ‘काकाव’ म्हणजे कोको हा शब्द वाचला. रिओ आसुल येथील थडग्यात 1984 साली मिळालेल्या झाकणाच्या पात्रावर तो शब्द होता, आणि पात्रातील अवशेषांच्या रासायनिक तपासणीत कोकोच निघाला. स्तोत्राच्या जागी प्याल्यावरचे नाव उरले. को यांनी हे मोकळेपणाने मान्य केले, आणि लिपी उलगडण्याची ही सारी कथा त्यांनीच पुढे मोठ्या रसाने सांगितली. उदात्त अर्थ कोसळल्यावर संस्कृती उणावते असे ज्यांना वाटते त्यांनी या प्याल्यांकडे पाहावे. ‘हे याचे, हे याने केलेले, यात हे प्यावे’ असे सांगणाऱ्या प्याल्यातून राजदरबार, भेटी, मेजवान्या आणि चित्रकार यांचे जेवढे जग कळते, तेवढे एखाद्या स्तोत्रातून कळले नसते.

आता मुख्य वादाकडे वळता येईल. ‘त्सिब’ या एकाच शब्दात लिहिणे आणि चितारणे हे दोन्ही अर्थ येतात, हे कळताच सिद्धांताच्या बाजारात एक उत्साह निर्माण झाला. माया मनाला अक्षर आणि चित्र हा भेदच ठाऊक नव्हता, अक्षरकेंद्री पश्चिमेने तो जगावर लादला, असे म्हणणे सोपे झाले. एलिझाबेथ बून आणि वॉल्टर मिन्योलो यांनी 1994 साली संपादित केलेल्या ‘शब्दांविना लेखन’ अशा आशयाच्या शीर्षकाच्या संग्रहाने मेसोअमेरिका आणि अँडीज येथील चित्रे, गाठी व नकाशे यांना ‘लेखन’ या संज्ञेत सामावून घेण्याची मागणी केली. मिश्तेक आणि आस्तेक चित्रपोथ्यांच्या बाबतीत ती मागणी न्याय्य आहे. त्याच संग्रहात माया साक्षरतेवर ह्यूस्टन यांचा काटेकोर लेखही आहे. पण उद्धृत होतो तो संग्रहाचा मथळा, तो लेख नव्हे. परिणाम असा की ज्या एका अमेरिकन लिपीत पूर्ण वाक्य, क्रियापदाची रूपे आणि सर्वनामांचे प्रत्यय ध्वनीनिशी लिहिता येत होते, तीही ‘शब्दांविना’ या औदार्याच्या पंगतीत बसवली गेली. गेल्ब यांनी तिला लेखन म्हणण्यास नकार दिला होता. नव्या उदारमतवाद्यांनी तिला लेखन म्हटले, पण वाचले नाही. तिच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नाही.

वटवाघळाचा शब्द या उत्साहाला नेमका आडवा येतो. मायांना भेद ठाऊक नव्हता असे नाही. भेदरेषा दुसरीकडे होती. एका बाजूस कुंचला, दुसऱ्या बाजूस पाते. कुंचल्याने केलेले ते ‘त्सिब’, मग ते अक्षर असो वा आकृती. पात्याने केलेले ते ‘उशुल’, मग त्यातून राजाचे मुख निघो वा लेखाची ओळ. वर्गीकरणाचे तत्त्व हाताच्या क्रियेत आणि साधनात आहे. अक्षर आणि चित्र हे आपले विभाजन फलित पाहून केलेले आहे. त्यांचे विभाजन कृती पाहून केलेले आहे. ज्या समाजात चुनखडीचा दगड धातूच्या छिन्नीशिवाय, गारगोटी आणि हिरव्या दगडाच्या हत्यारांनी घडवला जात होता, तेथे पाते आणि कुंचला यांतील अंतर श्रमाचे, वेळेचे आणि शिक्षणाचे अंतर होते हे सांगावयास नको. आणि यात परकेही काही नाही. संस्कृतात ‘लिख्’ म्हणजे मुळात ओरखडणे, आणि चित्रही ‘लिहिले’ जाते. तरी ताम्रपटाच्या शेवटी ‘लिखितम्’ आणि ‘उत्कीर्णम्’ यांचे मानकरी अनेकदा वेगवेगळे असतात. एका शब्दाचे अनेक अर्थ दिसले की त्यामागे अखंड, भेदरहित मन शोधणारी समीक्षा शेजारचा दुसरा शब्द वाचत नाही. शब्दार्थ ठरतो तो त्या शेजाऱ्यामुळे, हे सोस्यूर यांनी सांगून शतक उलटले.

दुसरा, आणि अधिक गंभीर, मुद्दा स्वामित्वाचा आहे. माया स्तंभावर शब्दांची एक व्यवस्था दिसते. आकृतीजवळच्या ओळी बहुधा ‘उ-बाह’ या शब्दाने सुरू होतात. ‘बाह’ म्हणजे मुख, मस्तक, देह, प्रतिमा, स्वतः. ह्यूस्टन आणि स्टुअर्ट यांनी 1998 साली दाखवून दिल्याप्रमाणे राजाची प्रतिमा आणि राजाची व्यक्ती यांसाठी हा एकच शब्द पुरतो. अनेक शिल्पांतील मुखे आणि डोळे मुद्दाम फोडलेले आढळतात, ते का, याचे उत्तरही या शब्दात आहे. स्तंभाला स्वतःचे नाव असते: ‘लाकम तून’, म्हणजे मोठा पाषाण. तो कोण्या राजाने ‘रोवला’ हे क्रियापदाने सांगितलेले असते. आणि कडेला, लहान अक्षरांत, ‘युशुल’: शिल्पकाराचे कोरीव काम. प्रतिमा राजाची, पाषाण राजाचा, कोरणे मात्र शिल्पकाराचे. एकाच दगडावर तीन षष्ठ्या.

मराठीत ‘राजाचे चित्र’ म्हटले की ते राजाला दाखवणारे, राजाच्या मालकीचे की राजाने काढलेले, हे संदर्भावर सोडावे लागते. माया लेखकांच्या भाषेतही स्वामित्वाचा प्रत्यय एकच आहे: व्यंजनापूर्वी ‘उ’, स्वरापूर्वी ‘य’. परंतु त्यांनी संदिग्धता नामांच्या निवडीने सोडवली. प्रतिमा, पाषाण आणि कोरीव काम अशी तीन नामे एकाच वस्तूसाठी वापरून प्रत्येकाचा धनी वेगळा सांगितला. कलाकृतीचा एकच स्वामी असला पाहिजे, तो कर्ता असेल नाहीतर आश्रयदाता, या गृहीतकावर आपल्याकडचा निम्मा वाद चालतो. येथे ते गृहीतकच नाही.

व्याकरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मायन भाषांत नामाचा स्वामी आणि सकर्मक क्रियापदाचा कर्ता एकाच प्रत्ययाने दर्शवले जातात. ‘त्याने पाषाण रोवला’ यातील ‘त्याने’ आणि ‘त्याचे कोरीव काम’ यातील ‘त्याचे’ यांच्यासाठी प्रत्ययांचा संच एकच. महाराष्ट्रातील लेण्यांत शिल्पकारांनी केलेल्या नोंदी याच्याशी ताडून पाहण्यासारख्या आहेत. कोंडाणे येथील चैत्याच्या दर्शनी भागातील भग्न मूर्तीशेजारी कण्हाचा शिष्य बालक याने ती केली असे कोरले आहे. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराची अशीच नोंद आहे. कार्ल्याला धेनुकाकटाच्या सामी नामक सुताराने आपण घडवलेल्या दर्शनी मुखाची नोंद करून ठेवली आहे. तिन्ही ठिकाणी प्राकृतातील तृतीया आणि ‘केले’ या अर्थाचे कृदन्त. मराठीतील ‘बालकाने केले’ ही रचना थेट त्याच वंशातील आहे. प्राकृत कारागीर क्रियेच्या वाटेने आपल्या वस्तूपाशी येतो, माया कारागीर स्वामित्वाच्या वाटेने. यावरून लगेच ‘माया मनाला करणे आणि असणे एकच वाटे’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रत्ययांतून तत्त्वज्ञान पिळून काढण्याची ही खोड भाषाविज्ञानाने कधीच टाकून दिली आहे, समीक्षेने तेवढी जपली आहे. इतके मात्र निश्चित की दोन्हीकडे नाव आहे, व्यवसाय वा पदवी आहे, आणि कृतीवरचा दावा आहे. र. ना. मिश्र यांनी 1975 साली प्राचीन भारतीय कलावंतांविषयीचा पुरावा ग्रंथरूपाने मांडला. त्यानंतरही ‘भारतीय कलावंत अनामिक’ हे वाक्य मराठी साहित्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हलत नसेल, तर दोष पुराव्याचा नाही.

येथे फूकोंचा अभ्यासू वाचक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप हलका नाही. फूको यांनीच सही करणारा आणि कर्ता यांत भेद केला आहे: खाजगी पत्राला सही करणारा असतो, कर्ता नसतो. तेव्हा माया शिल्पकारांची नावे मिळाली म्हणून ‘कर्ता’ मिळाला असे होत नाही. नाव असणे वेगळे आणि नावाने संहितेचे नियमन होणे वेगळे. हे मान्य. किंबहुना फूको आपल्या मराठी अनुयायांपेक्षा पुष्कळच सावध होते. कर्त्याचे कार्य वेगवेगळ्या समाजांत आणि वेगवेगळ्या संभाषितांत वेगवेगळे असते असेच त्यांचे म्हणणे आहे. प्रश्न तर तोच आहे. माया दरबारात हे नाव काय करीत होते? ‘करीत नव्हतेच’ असे उत्तर आधी देऊन ठेवल्यास हा प्रश्न विचारताच येत नाही.

पुरावा काय सांगतो? या सह्या सर्वत्र सारख्या नाहीत. त्यांची दाटी उसुमासिंता नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या आसपासच्या पश्चिम भागात आहे, आणि काळ मुख्यतः सातव्या-आठव्या शतकांचा. एकाच स्तंभावर अनेक शिल्पकार सही करतात. पिएद्रास नेग्रासच्या इ. स. 795 मधील बाराव्या स्तंभावर अशी आठाच्या आसपास नावे आहेत. एल पेरूच्या इ. स. 692 मधील ज्या स्तंभावर राणीची भव्य आकृती आहे, आणि जो करवतीने कापून विकला गेल्यामुळे आज क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे, त्यावरही शिल्पकारांच्या नोंदी आहेत. काही जणांना ‘बाह उशुल’, म्हणजे मुख्य कोरक्या, अशी पदवी आहे. राजाची प्रतिमा ‘बाह’ आणि कोरक्यांचा अग्रणीही ‘बाह’. शब्द दोघांत वाटला गेला आहे. चितारलेल्या पात्रांकडे वळले तर नारान्होच्या राजाचा पुत्रच चित्रकार म्हणून आपले नाव लिहितो. कारागीर म्हणजे समाजाच्या तळाचा मूक हात, हे चित्र येथे टिकत नाही.

परंतु याचा अर्थ स्वतंत्र, स्वयंभू प्रतिभावंत गवसला असाही नव्हे. रोमँटिक कर्त्याला अमेरिकेच्या अरण्यातून परत आणण्याची हौस असणाऱ्यांनी नावांच्या जागा पाहाव्यात. माया शिल्पांत नाव लिहिण्याची आणखी एक जागा आहे: युद्धकैद्याची मांडी वा कटिवस्त्र. कैद्याचे नाव त्याच्या देहावर कोरले जाते; शिल्पकाराचे नाव देहांच्या मधल्या रिकाम्या पार्श्वभूमीवर. पहिल्याला नावाने बांधले आहे, दुसऱ्याला नावाने जागा दिली आहे. दोन्ही नावे राजाच्या पायांच्या आसपास आणि राजाच्या नावाहून लहान. इ. स. 783च्या सुमाराची एक कोरीव शिला आज फोर्ट वर्थ येथील किंबेल संग्रहालयात आहे. मांडलिक सरदार कैद्यांना याश्चिलानच्या राजापुढे आणतो, असा तिचा प्रसंग. त्या प्रसंगात मायुय नावाच्या शिल्पकाराची सही आहे. लाश्तुनिच या ठिकाणाशी संबंधित त्याच्या कामाचा सविस्तर अभ्यास 2021 साली ह्यूस्टन यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला, म्हणून आज एका माया शिल्पकाराच्या शैलीविषयी बोलता येते. तरीही त्या शिलेवर मायुय ज्या व्यवस्थेत आहे ती मांडलिकत्वाची व्यवस्था आहे. सरदार आपल्या राजाला कैदी देतो आणि त्या देण्याचे शिल्पही घडवून घेतो. त्या शिल्पात कुशल हाताचे नाव असणे हा सरदाराच्याही वैभवाचा भाग ठरतो. सही शिल्पकाराची, आणि सही असलेले शिल्प बाळगण्याचा मान दुसऱ्याचा. फूको ज्याला कर्त्याचे कार्य म्हणतात ते येथे आहेच. फक्त ते दंड आणि मालमत्ता यांच्या युरोपीय इतिहासातून आलेले नाही. मेजवानी, भेट, मांडलिकत्व आणि युद्ध यांतून ते घडले आहे. त्याला ‘आधुनिकपूर्व अनामिकता’ म्हणणे ही चूक, आणि ‘आधुनिक व्यक्तिवादाची पूर्वखूण’ म्हणणे हीदेखील तितकीच मोठी चूक.

देवमूर्तींच्या बाबतीत चित्र पुन्हा पालटते. लांदा यांच्या वृत्तान्तात युकातानमधील लाकडी मूर्ती घडवण्याचे वर्णन आहे: कारागिरांना उपवास, एकांत, खास बांधलेली झोपडी, आणि या कामाचे भय. लाकूड ज्या झाडाचे, त्या झाडाचे माया नावच ‘देवाचे झाड’ असे आहे. माद्रिद येथील माया पोथीत देवच हातात हत्यार घेऊन मुखवटे कोरताना दाखवले आहेत. ‘देव घडवणे’ या कामात माणसाने नाव मागे ठेवावे, असे वातावरण येथे दिसत नाही. राजप्रतिमेवर सही चालते, देवमूर्तीच्या वर्णनात कारागीर भयाने वेढलेला असतो. शतकांचे आणि प्रदेशाचे अंतर आहे, लाकूड नष्ट झाल्याने अभिजात काळाचा पुरावा विरळ आहे. पण एकाच संस्कृतीच्या पोटात नामांकन आणि मौन हे प्रकारानुसार वाटलेले असू शकतात, एवढे यातून दिसते. कुमारस्वामींना अभिप्रेत असलेली अनामिकता असेलच तर ती अशा एखाद्या कोपऱ्यात शोधावी लागेल. ती साऱ्या परंपरेवर पसरता येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र अखेरीस एक अडचणीचा प्रश्न उरतो, आणि तो बार्थ यांच्या बाजूला झुकणारा आहे. माया सह्यांच्या सूत्रांत कुंचल्याचा दावा आहे आणि पात्याचा दावा आहे; शब्दांचा दावा करणारे तिसरे सूत्र त्यांच्या जोडीला दिसत नाही. ऐहोळेच्या इ. स. 634 मधील प्रशस्तीत रविकीर्ती आपण ती रचली असे सांगतो आणि कालिदास व भारवी यांच्या कीर्तीशी आपली कीर्ती जोडतो. भारतीय कोरीव लेखांच्या परंपरेत रचणारा, लिहिणारा आणि कोरणारा या तिघांनाही नावे मिळू शकतात. पिएद्रास नेग्रासच्या बाराव्या स्तंभावर इतक्या कोरक्यांची नावे आहेत; पण त्या स्तंभावरची वाक्ये कोणी जुळवली? ‘त्सिब’ या शब्दात रचनाही सामावत असेल, असे म्हणता येईल. परंतु दगडावर ज्याची सही आहे तो ‘उशुल’चा धनी आहे, ‘त्सिब’चा नव्हे. बार्थ यांनी कर्ता मारला तो वाचकाचा जन्म व्हावा म्हणून. येथे शब्दांचा कर्ता मुळातच मागे सरलेला आहे, आणि त्याची जागा वाचकाने घेतलेली नसून दगड फोडणाऱ्या हाताने घेतली आहे. साहित्यकृतीचा कर्ता म्हणजे शब्दांचा कर्ता, हे आपण इतके गृहीत धरतो की बार्थ यांच्या विरोधकांनाही ते कधी तपासावेसे वाटले नाही. माया दरबाराने स्मरणात ठेवण्याजोगे मानले ते वाक्य नव्हे, त्या वाक्याचा पाषाणातला देह. तो देह ज्याने घडवला त्याच्या नावाआधी वटवाघळाचे मस्तक कोरले गेले, आणि त्या मस्तकाचा नेमका उच्चार काय, यावर अभ्यासक आजही हात राखूनच बोलतात.